लाभ गावाचा, जोखीम एकाची
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनात बोलण्याचा मान आम्हांस यापूर्वीही दोन-तीन वेळा मिळाला आहे. प्रत्येक वेळी विषय शिक्षणाचा होता आणि आमचे सारे आयुष्य शाळेत गेले असल्यामुळे तो आम्हांस सोपाही होता. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने आम्हांस आमच्या पायवाटेवरून बाजूला काढले आहे. साह्यनिधीतून होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली जाते, त्याचप्रमाणे हातावर पोट असलेल्या कुटुंबांना छोट्या धंद्यासाठी काही रक्कम कर्जाऊ द्यावी, अशी सूचना आपल्यातील काही तरुणांनी केली आहे. भ्रमणध्वनीच्या, म्हणजेच मोबाईल फोनच्या, आधारे चालणारी एखाद्या मोठ्या संस्थेची लहानशी शाखा अशा कुटुंबास घेऊन द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. सूचना मतास टाकण्यापूर्वी तिचा साधकबाधक विचार कोणी तरी मांडावा म्हणून हे काम आमच्याकडे आले. आम्ही व्यापारी नव्हे, अर्थशास्त्रज्ञ तर नव्हेच. परंतु या विषयाने आम्हांस एकदा चांगलाच धडा दिला आहे. तो योग्य जागी सांगूच.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट होईल. एखाद्या मोठ्या संस्थेने धंद्याची रीत, नाव, माल, दर आणि हिशेबाची पद्धत हे सारे आधी ठरवून द्यावयाचे आणि दुसऱ्याने आपले श्रम व थोडे भांडवल घालून तो धंदा आपल्या जागी चालवावयाचा, या व्यवस्थेस फ्रँचाईजी म्हणतात. शहरांत अशी दुकाने पुष्कळ दिसतात, पण त्यांना भांडवल मोठे लागते. हीच व्यवस्था इतकी लहान केली की ती एखाद्या मजुराच्या किंवा विधवा भगिनीच्या आटोक्यात यावी, म्हणजे ती सूक्ष्म फ्रँचाईजी होय. गरिबाचा धंदा बुडतो तो बहुधा आळसाने नव्हे. काय विकावे, माल कोठून आणावा, दर काय ठेवावा, हे प्रयोगानेच कळते आणि प्रयोगास पैसा लागतो. श्रीमंताचा एक प्रयोग फसला तर तो दुसरा करून पाहतो. गरिबाचा पहिलाच फसला तर घरातील भांडी मोडीत जातात. तयार साचा हाती आला म्हणजे हा प्रयोगाचा खर्च वाचतो.

ही कल्पना आपणांस सर्वस्वी नवी वाटण्याचे कारण नाही. खेडेगावातील शाखा डाकघर आठवा. टपाल खात्याने शिक्के, तिकिटे, वजनकाटा आणि नियमांचे पुस्तक द्यावे, आणि गावातीलच एखाद्या विश्वासू माणसाने अल्प मोबदल्यावर आपल्या घराच्या ओट्यावर ते चालवावे, अशी ती रीत. कित्येक गावी हे काम शाळामास्तरच करीत. खात्यास इमारत बांधावी लागली नाही, गावास पोस्ट मिळाले आणि मास्तरांच्या तुटपुंज्या पगारास थोडा हातभार लागला. आज ज्यास सूक्ष्म फ्रँचाईजी म्हणतात, तिचे बीज या ओट्यावरच्या पोस्टातही दिसेल.

भ्रमणध्वनीच्या आधारे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर प्रथम झाला तो बांगलादेशात. त्यामागे दोन माणसांची दृष्टी होती. एक महंमद युनूस. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत असताना १९७६ साली त्यांनी शेजारच्या जोब्रा गावातील ४२ गरिबांना मिळून अवघे ८५६ टका, म्हणजे त्या वेळचे सुमारे २७ डॉलर, स्वतःच्या खिशातून उसने दिले. त्या उसनवारीतून पुढे १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली. तारण न घेता, मुख्यत्वे स्त्रियांना, लहान कर्जे देणारी ही बँक. २००६ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक युनूस आणि ही बँक या दोघांना मिळून देण्यात आले.

दुसरे गृहस्थ इक्बाल कादीर. हे न्यूयॉर्क येथे एका वित्तसंस्थेत नोकरीस होते. १९९३ साली एके दिवशी त्यांच्या कचेरीतील संगणकांना जोडणारे जाळे बंद पडले आणि सर्वांचे काम ठप्प झाले. त्या वेळी त्यांना बालपणीचा एक दिवस आठवला. १९७१ च्या मुक्तियुद्धात त्यांचे कुटुंब गावाकडे आश्रयास गेले होते. धाकटे भावंड आजारी पडले म्हणून आईने त्यांना औषध आणण्यास दुसऱ्या गावी धाडले. सकाळभर पायपीट करून मुलगा पोहोचला, तो औषध देणारा गृहस्थच तेथे नव्हता. दुपारभर चालून तो रिकाम्या हाताने परत आला. एका निरोपाच्या अभावी एक अख्खा दिवस वाया गेला. न्यूयॉर्कच्या कचेरीत काय आणि बंगालच्या खेड्यात काय, माणसे एकमेकांशी जोडलेली नसतील तर श्रम मातीस मिळतात, हे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी बांगलादेशात सुमारे पाचशे माणसांमागे एक टेलिफोन होता आणि खेड्यांत तर तो जवळजवळ नव्हताच.

कादीर यांनी ग्रामीण बँकेचा व्यवहार पाहिला. एखादी स्त्री कर्ज काढून गाय घेते, दूध विकते, हप्ते फेडते आणि उरलेले घरात खर्च करते. मग गाईच्या जागी फोन का असू नये? दूध विकावे तसे बोलण्याचे मिनिट विकावे! ही कल्पना घेऊन ते दारोदार फिरले. अखेर नॉर्वेची टेलेनॉर कंपनी पुढे आली, ग्रामीण बँकेच्या परिवारातील ग्रामीण टेलिकॉम ही संस्था भागीदार झाली, आणि २६ मार्च १९९७ रोजी, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, ग्रामीणफोन कंपनीची सेवा सुरू झाली.

खेड्यातील व्यवस्था अशी होती. ज्या स्त्रीने पूर्वीची कर्जे वेळेवर फेडली आहेत, जिचे घर गावाच्या मध्यभागी आहे, तिला बँक फोनसाठी कर्ज देई. ग्रामीण टेलिकॉम तिला बोलण्याचा वेळ सवलतीच्या दराने पुरवी आणि ती तो गावकऱ्यांना नेहमीच्या दराने विकी. मधला फरक ही तिची कमाई. निवडीची आणखी एक अट होती, ती ऐकून आम्हां शिक्षकांचे मन भरून येते. त्या बाईला स्वतःला लिहिता-वाचता येत नसले तरी चालेल, पण निदान तिच्या मुलांना तरी येत असले पाहिजे. म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोराने आकडे वाचावेत, फोन लावून द्यावा, आणि त्यावर आईचा संसार चालावा. अक्षरांचे मोल याहून थोडक्यात कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही.

गावकऱ्यांनी या फोनचा उपयोग कशासाठी केला? आखातात मजुरीस गेलेल्या मुलाची खुशाली विचारण्यासाठी, त्याने पाठविलेले पैसे निघाले की नाही हे कळण्यासाठी, शहरातील धान्याचा भाव जाणण्यासाठी, डॉक्टर गाठण्यासाठी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, जे काम एका फोनने झाले त्यासाठी शहरात जाऊन यावयाचे म्हटले असते, तर त्या फोनच्या दुपटीपासून आठपटीपर्यंत खर्च आला असता. फोनवाल्या बाईची स्वतःची प्रतिष्ठाही वाढली. ज्या घराची पायरी गावातील सधन मंडळी कधी चढली नसती, त्याच घराच्या अंगणात ती आपली पाळी येण्याची वाट पाहत बसू लागली. पुढे अशा फोनवाल्या बायांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. आफ्रिकेत युगांडा देशानेही २००३ साली हाच साचा उचलला. जेथे वीज नव्हती तेथे मोटारीच्या बॅटरीवर आणि उंच बसविलेल्या अँटेनाच्या साह्याने असे फोन चालू लागले.

इथवर सारे गोड आहे. आता कडू घोट घेणे भाग आहे.

फोनवाल्या बाईची कमाई ज्या गोष्टीवर उभी होती ती गोष्ट म्हणजे गावातील फोनचे दुर्भिक्ष. गावात एकच फोन होता तोवर रांग होती. हळूहळू फोन स्वस्त झाले, बोलण्याचे दर उतरले, एकाच गावात दोन-दोन, चार-चार बायांना फोन दिले गेले आणि अखेरीस गिऱ्हाइकाच्याच खिशात फोन आला. तेव्हा तिची कमाई वर्षावर्षाने घसरत गेली. योजना फसली असे म्हणता येणार नाही. ती ज्यासाठी होती ते साध्य झाले. गावोगाव फोन पोहोचला, कंपनी देशातील सर्वांत मोठी फोन कंपनी झाली. परंतु ज्या हातांनी हा फोन गावात प्रथम नेला, त्या हातांचा धंदा मात्र त्याच यशाने गिळला.

बंधुभगिनींनो, हे वाचले तेव्हा आम्हांस परक्या देशाची कथा वाचीत आहोत असे वाटलेच नाही. आपल्याकडे काय घडले? सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, स्वदेशी टेलिफोन केंद्रे खेड्यांकडे निघाली आणि पाहता पाहता रस्त्यारस्त्यावर एस. टी. डी. – पी. सी. ओ. च्या पाट्या झळकू लागल्या. ही केंद्रे देताना अपंग बंधूंना प्राधान्य असे आणि कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. तीही सूक्ष्म फ्रँचाईजीच होती, केवळ नाव वेगळे.

आमच्या एका विद्यार्थ्याने तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाजवळ असे केंद्र चालविले. मुलगा एका पायाने अधू, पण हिशेबाला चोख. सहा वर्षे धंदा उत्तम चालला. २००२ साली त्याने दुसरे केंद्र काढण्याचे मनात आणले आणि सल्ला घ्यावयास तो आमच्या घरी आला. आम्ही त्यास सांगितले, ‘‘माणूस आहे तोवर बोलणे आहे आणि बोलणे आहे तोवर तुझा धंदा आहे.’’ वाक्य छान होते. शाळेत अशी वाक्ये खपतात. त्याने पतपेढीचे कर्ज काढले आणि जामीन म्हणून आम्ही सही केली. पुढच्याच वर्षी, २००३ साली, देशात मोबाईलवर येणारे कॉल मोफत झाले. आणखी तीन वर्षांत त्याच्या काचेच्या खोलीत माशा घोंघावू लागल्या. धंदा गेला, कर्ज राहिले. जामीनदाराच्या दारी पतपेढीचा माणूस येऊ नये म्हणून त्याने पत्नीचे दागिने मोडले, रात्री एका गोदामावर राखणदारी केली आणि २०११ साली शेवटचा हप्ता भरला. पावती दाखवावयास तो पेढे घेऊन आमच्या घरी आला. तो पेढा आमच्या घशाखाली उतरला नाही.

त्याच्या त्या केंद्रातून किती जणांना मुलाची नोकरी लागल्याची वार्ता कळली असेल, किती जणांनी रुग्णालयातील नातलगाची चौकशी केली असेल, त्याची गणती नाही. गावाचा लाभ झाला आणि जोखीम मात्र त्या एकट्याने उचलली. आमच्या आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे.

ही गोष्ट केवळ टेलिफोनच्या बाबतीतच खरी आहे असे नाही. केनिया देशाचे उदाहरण पाहा. आपल्या कोकणात मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर घरे चालत, तशीच तेथील खेडी नैरोबीहून येणाऱ्या पैशांवर चालतात. पूर्वी हा पैसा ओळखीच्या माणसाबरोबर किंवा मोटारीच्या चालकाबरोबर धाडावा लागे. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या फोन कंपनीने ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. यातील ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द म्हणजे आपलाच ‘पैसा’, समुद्र ओलांडून तिकडे गेलेला, असे अभ्यासक मानतात. शहरातील मजुराने कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रोख रक्कम द्यावी, ती त्याच्या फोनवरील खात्यात जमा व्हावी, त्याने ती संदेशाने पत्नीस पाठवावी आणि तिने आपल्या गावच्या दुकानदाराकडून रोख घ्यावी, अशी ही सोय. दुकानदारास प्रत्येक व्यवहारामागे कमिशन मिळते. तो कंपनीचा नोकर नव्हे. स्वतःचे पैसे आगाऊ गुंतवून, गल्ल्यात रोकड सांभाळून तो हे काम करतो.

या सेवेचा परिणाम तवनीत सुरी व विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यासला. २०१६ साली त्यांनी असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, या सेवेमुळे सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे त्या देशातील दर शंभर कुटुंबांमागे दोन, अतिदारिद्र्यातून वर आली. तसेच सुमारे १,८५,००० स्त्रिया पोटापुरत्या शेतीतून बाहेर पडून व्यापारउदीमाकडे वळल्या. जेथे अशी दुकाने जवळ आली तेथे हा परिणाम दिसला. त्याच अभ्यासकांना पूर्वी असेही आढळले होते की, आजारपण किंवा पीकबूड ओढवली असता सेवा न वापरणाऱ्या घरांना खर्चात सरासरी सात टक्के काटछाट करावी लागली. सेवा वापरणाऱ्या घरांना ती करावी लागली नाही, कारण दूरचे आप्त ताबडतोब मदत पाठवू शकले.

परंतु हे आकडे नीट वाचले पाहिजेत. दारिद्र्यातून वर आली ती कुटुंबे प्रामुख्याने सेवा वापरणारी होती. दुकानदाराचे कमिशन हा निराळा हिशेब. रोकड चोरीस गेली, खोटी नोट आली, शेजारी दुसरे दुकान उघडले, तर तो तोटा दुकानदाराचा. बांगलादेशातील फोनवाली, आपला पी. सी. ओ. वाला आणि केनियातील हा दुकानदार, तिघांची जात एकच. नदी ओलांडून देणाऱ्या नावाड्यासारखे ते आहेत. पूल झाला म्हणजे गाव आनंदते. नावाड्याचे काय झाले हे कोणी विचारीत नाही.

आज आपल्या खेड्यांतही असे नावाडी आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. त्यांनाच आपण बँकमित्र म्हणून ओळखतो. बचतगटांतील भगिनी ‘बँकसखी’ म्हणून तेच काम करतात. वृद्धेचे निवृत्तिवेतन तिच्या दारात मिळते, मजुराचा तालुक्यास जाण्याचा दिवस आणि एस. टी. चे भाडे वाचते. हे काम मोलाचे आहे आणि तरुणांची सूचना अशाच केंद्रांबद्दल आहे. पण २०१६ पासून फोनवरूनच थेट पैसे देण्याची यू. पी. आय. पद्धत आली आहे. उद्या रोख रकमेची गरजच घटली तर या केंद्रांचे काय होईल, हा प्रश्न आजच विचारावयास हवा. तो न विचारता सही करण्याची चूक आम्ही एकदा केली आहे.

मग सूचना फेटाळावी काय? मुळीच नाही. आमचा तिला मनापासून पाठिंबा आहे. फक्त पुढील पाच गोष्टी ठरावात घातल्या जाव्यात अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट, कर्जाची मुदत लहान असावी. जो धंदा पाच वर्षे टिकेल याची खात्री नाही त्यासाठी पाच वर्षांचे कर्ज देऊ नये. फेड दोन वर्षांच्या आत होईल एवढेच भांडवल द्यावे.

दुसरी गोष्ट, करारनामा मंडळातील जाणत्या माणसाने आधी वाचावा. कमिशन किती, ते कमी करण्याचा अधिकार कोणाचा, अनामत परत मिळणार की नाही, जवळच दुसरे केंद्र दिले जाणार नाही असे वचन आहे काय, हे कुटुंबास मराठीत समजावून सांगावे.

तिसरी गोष्ट, चालता संसार केवळ या एका धंद्यावर सोपवू नये. किराणा, शिवणकाम, पिठाची गिरणी अशा एखाद्या उद्योगाच्या जोडीनेच केंद्र द्यावे. फोनवाल्या बायांतही जिचे आधीपासून दुकान होते तिला फोनच्या गिऱ्हाइकाला तेल-मीठही विकता येई आणि फोनची रांग सरली तरी दुकान उरे.

चौथी गोष्ट, केंद्र शक्य तेथे घरातील स्त्रीच्या नावे असावे आणि हिशेब तिने स्वतः लिहावा. येत नसेल तर आम्ही निवृत्त शिक्षक कशासाठी आहोत? शनिवार-रविवार शिकविण्याची जबाबदारी आम्ही आजच पत्करतो.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुटुंबाने प्रामाणिकपणे धंदा केला आणि तरीही काळाच्या फेऱ्याने तो बसला, तर उरलेल्या कर्जाचा निम्मा भार साह्यनिधीने सोसावा. यावर काही वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. निधी हा ज्ञातीचा घाम आहे, तो असा बुडू देता येईल काय, असे ते विचारतात. आमचे उत्तर असे की, शिष्यवृत्ती देताना आपण ती परत येईल याचा हिशेब मांडत नाही. मुलगा शिकला म्हणजे ज्ञातीस लाभ झाला असे मानतो. मग ज्या कुटुंबाच्या केंद्रामुळे सबंध गावाचा दिवस वाचतो, भाडे वाचते, अडीनडीला पैसा वेळेवर पोहोचतो, त्याची निम्मी जोखीम आपण उचलली तर तो दानधर्म ठरत नाही. तो घेतलेल्या लाभाचा मोबदला होय. आणि येथे ज्ञातीची मर्यादाही आड येऊ नये. केंद्र आपल्या घरातील भगिनी चालवील, पण तिच्या ओट्यावर येणारे गिऱ्हाईक साऱ्या गावाचे असेल. ज्ञातिसेवा देशसेवेला मिळते ती अशाच ओट्यावर.

अध्यक्ष महाशय, आमचे बोलणे संपत आले. ज्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली, त्यास आम्ही या भाषणापूर्वी भेटून आलो आणि त्याची गोष्ट सांगण्याची परवानगी मागितली. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, अवश्य सांगा. पण एवढेही सांगा की केंद्र काढल्याचा मला पश्चात्ताप नाही. फक्त शेवटची पाच वर्षे कोणी तरी बरोबर असते तर बरे झाले असते.’’

त्याच्या त्या पाच वर्षांत आमची सही त्याच्या सोबत होती, आम्ही नव्हतो. यापुढे आपल्यापैकी कोणा कुटुंबावर तशी वेळ आली तर मंडळ त्याच्या पाठीशी उभे असावे, एवढ्यासाठी हा ठराव आपण एकमताने संमत करावा अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.